रसास्वाद : चतुर्दशी ते ज्ञानपंचमी

दिवाळीच्या सुट्टीत घरे भरतात. पुण्या-मुंबईहून, बंगळूरहून, क्वचित परदेशातूनही मुले, सुना, जावई, नातवंडे येतात. अभ्यंगस्नान होते, मंदिरात दर्शन होते, फराळाची ताटे फिरतात. त्यानंतर मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून एकाच दिवाणखान्यात बसलेली आठ माणसे आठ निरनिराळ्या मोबाइल पडद्यांत शिरलेली दिसतात. वर्षातून एकदा जुळून आलेला सहवास असा हातचा निसटतो. आश्विन वद्य चतुर्दशीपासून कार्तिक शुद्ध पंचमीपर्यंतच्या सात तिथींना दररोज एक श्राव्य वा दृश्य कलाकृती सर्वांनी मिळून अनुभवावी, या हेतूने या वेळचे सदर योजिले आहे. तिथीची वृद्धी वा क्षय असल्यास पंचांग पाहून एखादा दिवस मागेपुढे करावा.

श्रावकाच्या मनात एक शंका स्वाभाविकपणे येईल. अनर्थदंडविरमण हे गुणव्रत पाळणाऱ्याने गाणी ऐकावीत काय, चित्रपट पाहावेत काय? शंका योग्य आहे आणि तिला झटकून टाकू नये. निष्प्रयोजन करमणूक हा प्रमाद आहे, हे शास्त्रवचन आजच्या पडद्यांना अधिकच लागू पडते. परंतु परंपरेची दुसरी बाजूही आहे. भगवान ऋषभदेवांनी प्रजेला ज्या बहात्तर कला शिकविल्या, त्यांत गीत, वाद्य आणि नृत्य यांचा समावेश होतो. दिगंबर परंपरेतील आदिपुराणात भगवंतांच्या वैराग्याचे निमित्त ठरले ते नीलांजनेचे नृत्य; नाचता नाचता तिचे आयुष्य संपले आणि सभेतील एका प्रेक्षकाला संसाराचे स्वरूप उमगले. संगीतसमयसार लिहिणारे पार्श्वदेव आणि सन १३५० मध्ये संगीतोपनिषत्सारोद्धार रचणारे वाचनाचार्य सुधाकलश हे दोघेही जैनच होते. तेव्हा काय पाहिले यापेक्षा कोणत्या वृत्तीने पाहिले आणि पाहून झाल्यावर मनात काय उरले, हाच खरा प्रश्न आहे.

एक व्यावहारिक सूचना. या दिवसांत महाराष्ट्रात सूर्यास्त सायंकाळी सहाच्या सुमारास होतो. चौविहार पाळणाऱ्या घरांची अडचण होऊ नये, म्हणून पुढील सर्व योजना सकाळच्या वा दुपारच्या वेळेस बेतल्या आहेत.

पहिला दिवस, चतुर्दशी : पहाटेचे राग

गावोगावी होणाऱ्या ‘दिवाळी पहाट’ मैफलींपैकी जी जवळ असेल ती निवडावी. मात्र कार्यक्रमपत्रिका पाहून निवडावी. चित्रपटगीतांचा कार्यक्रम वर्षभर केव्हाही ऐकता येतो. या दिवशी शास्त्रीय गायनाच्या बैठकीला प्राधान्य द्यावे. त्यास कारण आहे.

हिंदुस्थानी संगीतात रागांना प्रहर ठरलेले आहेत. ललित उजाडण्यापूर्वीचा, भैरव, रामकली, जोगिया सूर्योदयाच्या आसपासचे, तोडी त्यानंतरचा. सार्वजनिक मैफली बहुधा सायंकाळी होतात; त्यामुळे यमन, पूरिया, मारवा हे राग श्रोत्यांच्या कानी वारंवार पडतात आणि पहाटेचे राग मागे राहतात. पूर्वी ही उणीव रात्रभर चालणाऱ्या संगीत महोत्सवांनी भरून निघत असे. पंडित भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या महोत्सवात मध्यरात्रीचे दरबारी आणि मालकंस होत आणि उजाडताना भैरव, तोडी. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकावर बंधन आले. वर्षातील काही मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. पहाटेपर्यंत मात्र नाही. रुग्ण, विद्यार्थी आणि वृद्ध यांच्या विश्रांतीसाठी तो नियम आवश्यकच होता. जीवमात्राच्या पीडेचा विचार करणाऱ्या समाजाने त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु त्यामुळे रात्रीच्या उत्तरार्धातील राग उघड्या मांडवातून उठले, हेही खरे. आज एखाद्या तरुणाने वीस वर्षे निष्ठेने मैफली ऐकल्या, तरी त्याने ललित प्रत्यक्ष ऐकलेला असेलच असे नाही. ‘दिवाळी पहाट’ ही ती उणीव अंशतः भरून काढणारी संधी होय.

भैरव ऐकताना कोमल ऋषभाकडे लक्ष द्यावे. गायक त्या स्वरावर नुसता थांबत नाही. त्याला हलकेच आंदोलित ठेवतो. मुलांना एवढी एकच खूण सांगितली तरी त्यांचे ऐकणे बदलते.

जेथे असा कार्यक्रम नसेल, तेथे घरीच ध्वनिमुद्रण लावावे. शेवटी केसरबाई केरकर यांची भैरवीची साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका अवश्य ऐकवावी. गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या या गायिकेचा तो स्वर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडीत घातला गेला आणि आज तो सूर्यमालेच्या सीमेपलीकडे प्रवास करीत आहे. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले आणि त्याच महिन्याच्या १६ तारखेस केसरबाईंचे निधन झाले. ही हकीकत ऐकल्यावर नातवंडे ती साडेतीन मिनिटे शांत बसतात.

दुसरा दिवस, अमावास्या : घरातील आवाज

हा भगवान महावीरांचा निर्वाणदिन. सकाळी मंदिरात निर्वाणलाडू, पूजा आणि पावापुरीचे स्मरण. या दिवशी बाहेरचा कोणताही कार्यक्रम सुचविणे अप्रस्तुत होईल. दुपारी घरातच एक काम करावे. घरातील ज्येष्ठ स्त्रीला, मग ती आजी असो, आत्या असो वा मोठी काकू असो, तिला पाठ असलेली स्तवने, आरत्या, पाळणे आणि जात्यावरच्या ओव्या म्हणावयास सांगाव्यात आणि त्यांचे ध्वनिमुद्रण करावे.

याची निकड का आहे, हे जुन्या पोथ्यांवरून कळते. रास आणि स्तवने लिहिणाऱ्या मध्ययुगीन जैन कवींनी रचनेतील प्रत्येक ढाळेच्या आरंभी ती कोणत्या ‘देशी’त गावयाची, म्हणजे कोणत्या लोकप्रिय चालीवर, हे नोंदविलेले असते. त्या काळी चाल सर्वांना ठाऊक होती. तिचे नुसते नाव लिहिले की पुरे होई. मोहनलाल दलीचंद देसाई यांनी ‘जैन गूर्जर कविओ’ या ग्रंथात अशा देशींची मोठी सूची तयार केली. आज ती सूची आहे, शब्द आहेत, कवीचे नाव आणि संवतही आहे. पण त्यांतील कितीतरी चाली कशा होत्या, हे सांगणारे कोणी उरले नाही. कारण स्वर कागदावर उतरला नव्हता.

आज घराघरांत तेच पुन्हा घडत आहे. भावनेच्या कार्यक्रमात चित्रपटगीतांच्या चालींवरची नवी स्तवने रुळली आहेत. सांगली-कोल्हापूरकडील, सोलापूर-बेळगावकडील, खानदेश-विदर्भातील जुन्या चाली केवळ वृद्धांच्या कंठात आहेत. त्या कंठाबरोबर त्या जातील.

ध्वनिमुद्रणास महागडे साधन लागत नाही. मोबाइल पुरतो. पंखा बंद करावा, खिडक्या लावाव्यात, मोबाइल हातभर अंतरावर एखाद्या घडी केलेल्या पंचावर ठेवावा. प्रथम म्हणणाऱ्या व्यक्तीचे नाव, माहेरचे गाव, ही चाल कोणाकडून शिकली आणि तिथी-वर्ष एवढे बोलून घ्यावे. मध्ये शब्द विसरला तरी थांबवू नये, टोकू नये. आवाज थरथरला तरी चालेल. चाल कळली पाहिजे. नंतर त्याच्या दोन प्रती करून दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. आणि जिचा आवाज आहे तिच्या अनुमतीवाचून तो कोठेही प्रसारित करू नये.

तिसरा दिवस, प्रतिपदा : भांडवल कशाला म्हणावे

वीर निर्वाण संवताचा हा पहिला दिवस. व्यापारी घरांत वह्यांचे पूजन झालेले असते, नव्या खात्यांवर कुंकू लागलेले असते. या दिवशी दुपारी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा परेश मोकाशी दिग्दर्शित मराठी चित्रपट सहकुटुंब पाहावा. २००९ चा हा चित्रपट ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून पाठविला गेला होता. हिंसा नाही, बीभत्स नाही, सात वर्षांच्या मुलापासून सत्तर वर्षांच्या आजोबांपर्यंत सर्वांना हसविणारा आहे.

विषय आहे दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ कसा निर्माण केला, हा. फाळके १९१२ मध्ये तंत्र शिकण्यासाठी लंडनला गेले ते आपली विम्याची पॉलिसी गहाण ठेवून. परत आल्यावर चित्रपटास पैसा देण्यास कोणी धजेना. तेव्हा त्यांनी कुंडीत एक दाणा पेरला, त्यातून उगवणाऱ्या रोपाची दररोज थोडी थोडी छायाचित्रे घेतली आणि डोळ्यांदेखत वाढणाऱ्या अंकुराचा लघुपट धनकोला दाखविला. कर्जाच्या अर्जाबरोबर जोडलेला असा पुरावा क्वचितच कोणी पाहिला असेल. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. एवढेच नव्हे, तर कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे, शिवाय सगळ्या चमूचा स्वयंपाक, हेही सांभाळले. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या तरुणाने ती केली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात तो चित्रपट लोकांसमोर आला.

वहीपूजनाच्या दिवशी हा चित्रपट सुचविण्याचे कारण उघड आहे. ताळेबंदाच्या एका बाजूस पॉलिसी आणि दागिने लिहिता येतात. सरस्वतीबाईंचे श्रम मात्र कोणत्या खात्यात लिहावेत? चित्रपट संपल्यावर घरातील मुलांना हा प्रश्न जरूर विचारावा. आपल्या दुकानाच्या, शेतीच्या वा नोकरीच्या यशात आजीचे कोणते भांडवल गुंतले होते, हे त्यांना या दिवशी कळले, तर वहीपूजन सार्थकी लागेल.

चौथा दिवस, द्वितीया : भावंडांचे गाणे आणि वाद्यांचा प्रश्न

निर्वाणानंतर शोकाकुल झालेल्या नंदिवर्धनाला बहीण सुदर्शना हिने आपल्या घरी नेऊन जेवू घातले, त्याची स्मृती म्हणून जैन परंपरा भाऊबीज मानते. या दिवशी एका घरातील भावंडांचे गाणे ऐकावे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या मुलांनी मराठी संगीतविश्वास फार मोठे देणे दिले. थोरले सुरेशबाबू माने यांनी बहीण हिराबाई बडोदेकर हिला शिकविले. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली करण्याचे धाडस केले आणि घरंदाज स्त्रीने व्यासपीठावर गाण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. धाकट्या सरस्वती राणे यांच्यासह झालेले हिराबाईंचे जुगलगायन आजही ऐकावयास मिळते. दोन बहिणींचे आवाज एकमेकींना न अडविता कसे पुढे जातात, हे ऐकण्यासारखे आहे.

खाँसाहेबांचे वास्तव्य मिरजेस होते आणि मिरज हेच तंतुवाद्यांचेही गाव. सांगली-कोल्हापूर भागात सुट्टीस आलेल्या कुटुंबांनी तेथील तंतुवाद्यांच्या कारखान्यास भेट द्यावी. पंढरपूर-मंगळवेढे भागातून येणारे मोठे भोपळे वाळवून, कापून, त्यांवर तूनच्या लाकडाची तबकडी आणि दांडी जोडून तानपुरा घडतो. घोडीचा पृष्ठभाग कानसीने घासून तारेचा झंकार जुळवितात. त्यास जवारी काढणे म्हणतात. हे काम मोजमापाचे नव्हे, कानाचे आहे. २०२४ मध्ये मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळाले.

मात्र येथे जैन कुटुंबाने एक प्रश्न टाळू नये. वाद्य कशाचे बनले आहे? घोडीसाठी परंपरेने हाड वा सांबरशिंग वापरले जाई, तसेच लाकूडही. सांबरशिंगाचा व्यापार आता वन्यजीव कायद्याने निषिद्ध आहे. हाड आजही वापरात आहे. तबला आणि मृदंग यांची पुडी बकऱ्याच्या कातड्याची असते. ज्या घरात पायतणसुद्धा चामड्याचे वापरत नाहीत, त्या घरातील नात तबला शिकावयास निघाली म्हणजे आजोबा गप्प होतात आणि आई अडचणीत सापडते. अशी घरे आहेत.

या प्रश्नाचे एकच उत्तर सर्वांना लागू होईल असे नाही. मंदिरात पूजेच्या वेळीही ढोलक वाजतोच, असे म्हणणारे आहेत. इतरांनी केले म्हणून आपण करावे काय, असे विचारणारेही आहेत. दोन्ही मते विचारांती बनलेली असतील, तर आदरास पात्र आहेत. अयोग्य आहे ते न विचारता घेणे. घोडी लाकडाची वा कृत्रिम पदार्थाची मागविता येते. कारागिरास आगाऊ सांगावे लागते एवढेच. बासरी बांबूची असते, तिला कातडे वा हाड लागत नाही. तबल्यासाठी कृत्रिम पुडीही मिळते. तिचा नाद मूळ पुडीसारखा नसतो, हे जाणून घ्यावे. नातीचे शिकणे थांबू नये आणि आजोबांचे व्रतही मोडू नये, असा मार्ग दोघांनी एकत्र बसून शोधावा. तो शोध हीसुद्धा भाऊबीजेच्या दिवशी घराला लाभलेली भेटच होय.

पाचवा दिवस, तृतीया : वेरूळची उत्तर बाजू

छत्रपती संभाजीनगरापासून सुमारे तीस किलोमीटरवर वेरूळ आहे. मंगळवारी लेणी बंद असतात. तृतीया मंगळवारी आल्यास हा बेत दुसऱ्या दिवशी ठेवावा. एकूण चौतीस लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध, पुढील सतरा हिंदू आणि तिसाव्यापासून चौतिसाव्यापर्यंतची पाच जैन आहेत. बहुतेक प्रवासी सोळावे कैलास लेणे पाहून थकतात आणि परततात. जैन लेणी उत्तरेच्या टोकास, कैलासापासून बरीच दूर आहेत. परिणामी जैन कुटुंबेसुद्धा वेरूळला जाऊन आपली लेणी न पाहता येतात. वृद्धांसाठी वाहनाची सोय पाहून जावे, परंतु तेथपर्यंत जावे.

वेळेचा विचार असा करावा. लेण्यांची तोंडे पश्चिमेस आहेत. सकाळी आत अंधार असतो. दुपार कलल्यावर ऊन आत शिरते. म्हणून कैलास सकाळी पाहावे, दुपारी भोजन करावे आणि तीननंतर बत्तिसाव्या लेण्यात शिरावे. सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपण्यासाठी शिदोरी जवळ ठेवणे उत्तम.

बत्तिसाव्या लेण्यास ‘इंद्रसभा’ म्हणतात. ते नाव गैरसमजातून पडले. हत्तीवर बसलेल्या मूर्तीस जुन्या अभ्यासकांनी इंद्र मानले आणि समोरच्या सिंहारूढ देवीस इंद्राणी. पुढे ती सर्वानुभूती यक्षाची आणि आम्रवृक्षाखाली बसलेल्या अंबिकेची शिल्पे असल्याचे स्पष्ट झाले. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. अंगणात अखंड दगडातील चौमुख मंदिर, मानस्तंभ आणि हत्ती आहे. वरच्या मजल्यावर छताकडे पाहावे. तेथे जुन्या रंगचित्रांचे अवशेष आहेत. प्रकाशझोत टाकून छायाचित्रे घेऊ नयेत, भिंतीस हात लावू नये, मूर्तीस गंध लावू नये. भक्तीने लावलेला हातही दगडाला झिजवतो.

येथे एक जोडी पुन्हा पुन्हा भेटते. एका बाजूस कमठाचा उपसर्ग सोसणारे पार्श्वनाथ, दुसऱ्या बाजूस अंगावर वेली चढलेले बाहुबली. एकावर बाहेरून हल्ला होत आहे, दुसरा स्वतःच्या अंतरातील अखेरच्या अभिमानाशी झुंजत आहे. उभे राहणे मात्र दोघांचेही तसेच निश्चल. मुलांना या दोन कथा लेण्यातच, मूर्तीसमोर बसून सांगाव्यात. डोंगराच्या वरच्या बाजूस पार्श्वनाथांची भव्य मूर्ती असून तेथे सन १२३४-३५ चा शिलालेख आहे. पायऱ्या चढण्याची शक्ती असलेल्यांनी दर्शन घेऊन यावे.

सहावा दिवस, चतुर्थी : प्रौढांसाठी एक चित्रपट

आनंद गांधी यांचा ‘शिप ऑफ थिसियस’ हा चित्रपट २०१३ मध्ये भारतात प्रदर्शित झाला आणि त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. भाषा मुख्यतः इंग्रजी आणि हिंदी, लांबी सव्वादोन तासांहून थोडी अधिक. तो मुलांसाठी नाही. महाविद्यालयीन मुले आणि वडीलधारी माणसे यांनी दुपारी एकत्र बसून पाहावा.

चित्रपटात तीन कथा आहेत. त्यांतील मधली जैन वाचकास हलवून सोडील. मैत्रेय हा साधू जनावरांवरील क्रूर प्रयोगांविरुद्ध न्यायालयात लढत आहे. त्याचे यकृत निकामी होऊ लागते. वाचविणारी औषधे आहेत. पण ती प्राण्यांवर चाचणी होऊनच तयार झालेली आहेत. तो ती नाकारतो आणि अन्नत्यागाकडे वळतो. चार्वाक नावाचा तरुण वकील त्याच्याशी हुज्जत घालतो, विनोद करतो आणि अखेर त्याच्या शेजारी बसून राहतो. संप्रदायास चित्रपटात वेगळे नाव दिले असले, तरी वेश, विहार आणि विचार ओळखीचे आहेत. मैत्रेयाची भूमिका नीरज कबी यांनी केली आहे. शेवट येथे सांगणे उचित नव्हे.

चित्रपटानंतर दोन वर्षांनी, ऑगस्ट २०१५ मध्ये, राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा हा आत्महत्येसमान गुन्हा ठरविला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. त्या वेळी समाज रस्त्यावर उतरला होता. परंतु घोषणांच्या गर्दीत एक शांत प्रश्न राहून गेला : सल्लेखना आणि जगण्याचा कंटाळा यांतील भेद घरातील वीस वर्षांच्या मुलाला समजावून सांगता येतो काय? हा चित्रपट तो प्रश्न त्याच्याच भाषेत विचारतो. काही प्रसंग ज्येष्ठांना रुचणार नाहीत. न रुचल्यास तसे मोकळेपणाने म्हणावे. मुलांचेही ऐकून घ्यावे. रुग्णशय्येजवळ ज्या विषयावर बोलणे कठीण होते, त्यावर निरोगी दिवसांत बोललेले बरे.

सातवा दिवस, ज्ञानपंचमी : पोथी उघडणे

श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमी ही ज्ञानपंचमी. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही श्रुतपंचमी, षट्खंडागमाच्या पूर्णतेची तिथी. दोन्ही दिवशी ग्रंथांची पूजा होते. ज्ञानपंचमीस तर एक अत्यंत व्यावहारिक अंग आहे. पावसाळ्याची दमट हवा संपलेली असते. या दिवशी ग्रंथ बाहेर काढावेत, झटकावेत, वारा द्यावा आणि नव्या वेष्टनात बांधून ठेवावेत. शतकानुशतके भांडारे टिकली ती या वार्षिक शिस्तीमुळे.

मुंबईकरांनी या दिवशी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे. तेथील संग्रहात सचित्र जैन पोथ्या आहेत. पश्चिम भारतीय शैलीची कल्पसूत्राची पाने पाहताना तीन गोष्टी शोधाव्यात. पहिली, चेहऱ्याच्या बाह्यरेषेबाहेर आलेला दुसरा डोळा. दुसरी, पार्श्वभूमी : आरंभी लाल, पुढे पंधराव्या शतकाच्या सुमारास निळा रंग आणि सोने. तिसरी, पानाच्या मध्यभागी काढलेले वर्तुळ. ताडपत्राच्या पोथीस दोरी ओवण्यासाठी तेथे छिद्र असे. चौदाव्या शतकात कागद रूढ होऊ लागला, छिद्राची गरज संपली. तरी लेखकांनी ती जागा अलंकृत करून राखली.

पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात, म्हणजे १९१७ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत, जैन हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. विदर्भात कारंज्याच्या भांडारांतील पोथ्यांमुळे अपभ्रंश साहित्याचे कितीतरी ग्रंथ विसाव्या शतकात प्रथमच प्रकाशात आले. त्या पोथ्या कोणी तरी जपल्या होत्या म्हणूनच.

ज्यांना कोठे जाणे शक्य नाही, त्यांनी माळ्यावरची पेटी उघडावी. जुन्या घरांत आजोबा-पणजोबांची एखादी पोथी, हाताने लिहिलेला पाठ, मंदिराच्या वर्गणीची वही वा लग्नपत्रिकांची चवड हमखास सापडते. सापडल्यास उन्हात वाळत घालू नये, चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकमध्ये बंद करू नये, लॅमिनेशन तर कदापि करू नये. स्वच्छ कोरड्या हातांनी पाने उलटावीत, प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावे. भंगारवाल्यास तर देऊ नयेच. पण चित्रे असलेली पाने सुटी करून विकणाऱ्यांपासूनही सावध असावे. पंचाहत्तर वर्षांहून जुनी, महत्त्वाची हस्तलिखिते १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि खासगी व्यक्तीस ती परदेशी पाठविता येत नाहीत. घरात सांभाळणे जमत नसेल, तर एखाद्या ज्ञानभांडारास वा संशोधन संस्थेस अखंड पोथी द्यावी आणि तिची पोच घ्यावी.

सात दिवसांचा हिशेब मांडू गेल्यास खर्चाची बाजू लहानच निघेल : एखादे तिकीट, वेरूळचा प्रवास, थोडे सुती कापड. जमेच्या बाजूस जे येईल ते तिजोरीत ठेवता येत नाही आणि त्याचा परिग्रहही होत नाही. भैरवाचा ऋषभ ऐकणाऱ्याचा होतो, तरी तो कोणाच्या मालकीचा होत नाही. पंचमीच्या सायंकाळी, पाहुण्यांच्या पेट्या भरण्यापूर्वी, अमावास्येस केलेले ध्वनिमुद्रण सर्वांनी एकत्र बसून एकदा ऐकावे. पुढील दिवाळीस घर पुन्हा भरेल तेव्हा ती चाल निदान एका नातवंडास म्हणता आली, तर या आठवड्याची शिफारस फळास आली असे समजावे.